शस्त्रक्रियेनंतरचे काव्य

घरातील एखाद्या माणसावर मोठी शस्त्रक्रिया व्हावयाची असते, त्या दिवशी सारे गणगोत रुग्णालयात लोटते. कोणी जपमाळ घेऊन बसतो, कोणी गणपतीस नवस बोलतो, कोणी उगाच येरझारा घालतो. काही तासांनी शस्त्रवैद्य बाहेर येऊन 'सर्व ठीक पार पडले' एवढे म्हणतात आणि सर्वांचे डोळे पाणावतात. पुढे नवस फेडला जातो, पेढे वाटले जातात, मंडळी आपापल्या गावी परततात. गोष्ट येथे संपली, असे प्रत्येकास वाटते. तसे न वाटणारा एकच असतो, तो म्हणजे खाटेवरचा रोगी. त्याच्या दृष्टीने गोष्ट आता कोठे आरंभली असते.

आमच्या स्मरणशक्तीचा हा दोष केवळ घरापुरता नाही. १९२४ सालच्या जानेवारीच्या १२ तारखेस रात्री पुण्याच्या ससून रुग्णालयात महात्मा गांधींच्या आंत्रपुच्छावर कर्नल मॅडॉक यांनी शस्त्रक्रिया केली. ती चालू असता विजेचे दिवे गेले आणि उरलेले काम कंदिलाच्या उजेडात पुरे करावे लागले, ही हकीकत अद्याप लोक सांगतात, आणि ती सांगण्यासारखी आहेही. परंतु त्यानंतर रुग्णालयात गेलेले दिवस, ५ फेब्रुवारीस झालेली बंधमुक्तता, आणि पुढे जुहूच्या समुद्रकाठी शक्ती भरून येण्याची पाहिलेली वाट, यांची आठवण कितीजणांस असते? कंदील लक्षात राहिला, पण रोग्याचे हळूहळू बरे होणे विस्मरणात गेले. वाङ्मयाचेही बहुधा असेच होते. सुरीचा क्षण त्यास दिसतो, सुरीनंतरचे महिने दिसत नाहीत. ज्या एका कवीस ते दिसले, त्याच्या कवितेचा परामर्श घेण्याचे आम्ही येथे योजिले आहे. हा कवी म्हणजे विल्यम अर्नेस्ट हेन्ली, आणि त्याची कृती म्हणजे 'इन हॉस्पिटल' ही अठ्ठावीस कवितांची माला.

या मालेचे नावीन्य ध्यानी येण्यास थोडे मागे जावे लागेल. १८११ सालच्या सप्टेंबरच्या ३० तारखेस इंग्रज कादंबरीकर्त्री फॅनी बर्नी हिच्या स्तनावर पॅरिस येथे शस्त्रक्रिया झाली. शस्त्रवैद्यांत नेपोलियनच्या सैन्यातील सुप्रसिद्ध लारे हा प्रमुख होता. भुलीचे औषध तेव्हा नव्हते; धीरासाठी तिला मद्याचा एक पेला मात्र मिळाला. पुढे कित्येक महिन्यांनी आपल्या बहिणीस लिहिलेल्या पत्रात तिने हा प्रसंग जसाच्या तसा उतरला आहे. ते पत्र ज्याने वाचले त्याच्या अंगावर काटा उभा राहिल्यावाचून राहात नाही. पण त्या पत्राचे सारे बळ सुरीच्या त्या अल्प अवधीत एकवटले आहे, आणि ते साहजिकही आहे. जोवर रोगी जागा राहून सुरीचा प्रत्येक फटका सोशीत होता, तोवर दुःखाचे शिखर तेथेच असणार.

१८४६ साली बॉस्टन येथे ईथरचा आणि पुढल्याच वर्षी एडिंबरो येथे क्लोरोफॉर्मचा उपयोग झाला, आणि ते शिखर ढासळले. तथापि रोगी वाचू लागला, असे मात्र झाले नाही. वेदना गेली, तरी जखम सडण्याची भीती कायम राहिली. ती दूर करण्याचे श्रेय जोसेफ लिस्टर याचे. त्याने १८६५ पासून जखमांवर कार्बॉलिक अॅसिडचा उपयोग आरंभिला. त्याने स्वतः प्रसिद्ध केलेले ग्लासगोचे आकडे पाहावे. ही पद्धत येण्यापूर्वी हातपाय कापलेल्या ३५ रोग्यांपैकी १६ दगावले होते; पद्धत आल्यानंतरच्या ४० पैकी ६ दगावले. या आकड्यांत वैद्यकाचा इतिहास आहे हे सर्वांस ठाऊक आहे. त्यांत वाङ्मयाचाही इतिहास आहे, हे आम्हांस सुचवावयाचे आहे. जो रोगी पूर्वी आठवडाभरात तापाने मेला असता, तो आता जगू लागला. आणि जगू लागला म्हणजे महिनेच्या महिने खाटेवर पडून राहू लागला. मनुष्याची ही अवस्था पूर्वी अगदीच विरळ होती. जुन्या काव्यास तिचे नाव ठाऊक नव्हते यात आश्चर्य ते काय?

हेन्लीचा जन्म १८४९ चा, गाव ग्लॉस्टर. लहानपणीच हाडांच्या क्षयाने त्यास गाठले आणि विशीच्या सुमारास त्याचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. पुढे उजवा पायही तसाच बिघडला आणि तोही कापावा लागेल असे वैद्यांनी सांगितले. तेव्हा, चोविसाव्या वर्षी, १८७३ च्या ऑगस्टमध्ये तो एडिंबरोच्या रॉयल इन्फर्मरीत लिस्टरकडे गेला. लिस्टरने त्याचा पाय वाचविला, परंतु त्यास वीस महिने लागले. १८७५ च्या एप्रिलात तो तेथून बाहेर पडला. या अवधीत त्याने अनेक भाषांचा अभ्यास केला, वाचन केले, आणि कविता लिहिल्या. त्यांपैकी काही त्याच वर्षीच्या जुलैत 'कॉर्नहिल मॅगझिन'मध्ये छापून आल्या. माला म्हणून ती त्याच्या १८८८ च्या संग्रहात आली.

या मालेची घडण पाहावी. पहिल्या कवितेत रोगी पहाटेच्या धुक्यातून रुग्णालयाच्या दाराशी येतो आणि त्याच्यापुढे हाताला फळ्या बांधलेले एक मूल चालत असते. मग वाट पाहण्याची खोली येते. मग वॉर्ड, त्याच्या उदास भिंती. मग शस्त्रक्रियेपूर्वीची घटका. शस्त्रक्रिया ही मालेतील पाचवी कविता आहे. तिच्यानंतर आणखी तेवीस कविता येतात! आमच्या मते या एका प्रमाणातच हेन्लीची सारी प्रतिभा आणि सारा प्रामाणिकपणा आहे. एखाद्या सामान्य कवीने शस्त्रक्रिया शेवटास ठेवली असती. बावीस कविता तिच्या तयारीत खर्च केल्या असत्या, आणि रोगी डोळे उघडतो आहे अशा ठिकाणी पडदा पाडला असता. हेन्लीने पडदा जेथे पडावयाचा तेथेच तो वर केला आहे.

आता त्या तेवीस कवितांत काय आहे? प्रथम रात्र आहे. उताणे पडून राहावयाचे, कूस बदलता येत नाही. अंथरूण अंगास खुपू लागते. मंद केलेल्या दिव्याची ज्योत थरथरते. कोणी घोरतो, कोणी कण्हतो. आणि घड्याळ पुढे जात नाही. दिवसा शहाणा असलेला माणूस रात्री तीन वाजता कसा लहान मूल होतो, हे ज्यांनी अशा रात्री काढल्या आहेत त्यांस सांगावयास नको, आणि ज्यांनी काढल्या नाहीत त्यांस ही कविता सांगेल. तिच्या रचनेकडेही लक्ष द्यावे. येथे यमक नाही, ठरावीक मापाचे चरण नाहीत. इंग्रजीत मुक्तछंदाचा बोलबाला होण्याच्या पुष्कळ आधी हेन्लीने तो येथे योजला. नावीन्याच्या हौसेने त्याने असे केले, असे आम्हांस वाटत नाही. निजेवाचून पडलेल्या माणसाच्या मनास ताल नसतो; विचार मध्येच तुटतो, पुन्हा तोच येतो. त्या मनास यमकांची पैंजणे घालणे खोटेपणाचे झाले असते. उलट, माणसांची चित्रे काढताना हाच कवी सुनीताची बांधीव चौकट घेतो. कारण माणसे त्यास स्थिर, ठसठशीत दिसतात. स्वतःचे दुःख विस्कळीत आणि इतरांचे चेहरे रेखीव, असा हा भेद आहे, आणि तोच या मालेचा गाभा होय.

कारण दुसरी गोष्ट आहे ती माणसे. जुन्या वळणाची एक मुख्य परिचारिका आहे. तीस वर्षे तिने त्या दालनांत काढली आहेत, आणि खुद्द लिस्टरही तिला थोडा वचकून असतो अशी वदंता आहे. नव्या वळणाची दुसरी आहे. स्वतः लिस्टर आहे, शांत मुद्रेचा, मृत्यूशी झुंजणारा. विद्यार्थ्यांचा घोळका घेऊन तो फेरीस निघतो तेव्हा बोळातून पावलांचा आवाज जवळ येत जातो. खाटेवरील रोग्याचे पांघरूण बाजूस होते, त्याचा पाय सर्वांस दाखविला जातो, आणि तो मनुष्य क्षणभर एक 'केस' होऊन राहतो. रेल्वेच्या इंजिनावरून पडून फरपटत गेलेला एक मजूर आणला जातो. त्यास वाचविणे कोणाच्याच हाती नसते. धर्मपर पुस्तिकांची चळत घेऊन समाचारास येणारी एक वृद्ध बाई आहे. आणि दोन लहान मुले आहेत. या मुलांचे चित्र आम्हांस सर्वांत सरस वाटते. दोघेही रोगी, पण दिवसभर हसतात, भांडतात, आणि 'शस्त्रक्रिया' हाच खेळ खेळतात. एक प्रोफेसर होऊन व्याख्यान देत करवत चालवितो. दुसरा स्वतःच भूल घेऊन, अर्धे डोळे मिटून कण्हतो, आणि रोगी व मदतनीस अशी दोन्ही कामे एकटाच करतो. मोठी माणसे ज्या गोष्टीचा उच्चारही टाळतात तिचा त्यांनी खेळ केला आहे, आणि खेळ करून तिची भीती घालविली आहे. या चित्रास हेन्लीने तात्पर्याचे शेपूट जोडलेले नाही, याबद्दल त्याचे आभारच मानावयास हवेत.

येथे एक विरोध ध्यानात येतो. जगास हेन्ली ठाऊक आहे तो या मालेमुळे नव्हे. तो ठाऊक आहे 'इन्व्हिक्टस' या सोळा ओळींच्या कवितेमुळे. तीही १८७५ ची, त्याच रुग्णालयातील. तिला हे नाव हेन्लीने दिलेले नाही. १९०० साली क्विलर-कूच याने आपल्या काव्यसंग्रहासाठी ते घातले. दैवाचे कितीही घाव बसले तरी माझा आत्मा माझ्याच स्वाधीन आहे, असा तिचा आशय. नेल्सन मंडेला यांनी रॉबेन बेटावरील तुरुंगात ती सोबत्यांस म्हणून दाखविली, हे प्रसिद्धच आहे. अशा कवितेस हलके लेखण्याची आमची प्राज्ञा नाही. परंतु दीर्घ दुखण्यातून उठणाऱ्या मनुष्याच्या हाती दोहोंपैकी एकच द्यावयाची झाल्यास कोणती द्यावी, असा प्रश्न केला तर आमचे उत्तर निश्चित आहे. आणि ते लोकमताच्या विरुद्ध आहे.

'इन्व्हिक्टस'मध्ये 'मी' वाचून दुसरे माणूसच नाही. तेथे परिचारिका नाही, वैद्य नाही, शेजारची खाट नाही. आहे तो केवळ काळोख, दैव आणि ताठ मानेने उभा असलेला एकटा आत्मा. आता वस्तुस्थिती काय होती? ज्या पायावर तो पुढे अठ्ठावीस वर्षे उभा राहिला, तो लिस्टरने वाचविलेला, रात्री जागणाऱ्या बायकांनी धुतलेला आणि बांधलेला पाय होता. शूराची मूठ तासभर आवळलेली राहील. वीस महिने कोणाचीही राहणार नाही. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री 'इन्व्हिक्टस' म्हणावी. तिने बळ येईल. पण त्यानंतरच्या शंभराव्या रात्री जखम पुन्हा वाहू लागली आणि घरी जाण्याचा दिवस पुन्हा लांबला, की मनुष्यास आपला आत्मा आपल्या स्वाधीन असल्याचे वाटत नाही. त्या वेळी अशी कविता आधार न होता आरोप होते: तू खचलास, म्हणजे तू भित्रा! 'मन खंबीर ठेवा' म्हणून समाचारास येणारे आप्तही नकळत हाच आरोप करीत असतात. त्या पुस्तिकावाल्या वृद्ध बाईहून आपण फार वेगळे आहो, असे आपल्यापैकी कोणी समजू नये.

मालेचा हेन्ली मात्र दुसराच मार्ग दाखवितो. तो खचतो, भितो, आणि हे लपवीत नाही. शस्त्रक्रियेस नेणाऱ्या हमालांस, सीझरच्या थाटात, जपून न्या रे बाबांनो, असे तो विनोदाने विनवितो तेव्हा त्या विनोदाखालचा कंप आपल्यास ऐकू येतो. पण खचलेल्या मनानेही त्यास एक गोष्ट करता येते, ती म्हणजे आजूबाजूस पाहणे. स्वतःच्या पायावरून दृष्टी काढून ती शेजारच्या खाटेवर नेणे, हा त्याचा पराक्रम. हे धैर्य दिसावयास लहान असते. पण ते रोज सकाळी नव्याने करता येते, आणि दीर्घ दुखण्यास असेच धैर्य पुरे पडते. पुढील आयुष्यात हेन्ली साम्राज्याचे पोवाडे गाणारा, गर्जना करणारा कवी झाला. त्या गर्जना आज जुन्या वाटतात. 'इन्व्हिक्टस'मधील 'मी'चा आवाज त्याने पुढे चढविला आणि वॉर्डातील कान मिटून घेतला, असे खेदाने म्हणावे लागते.

या मालेतही दोष नाहीत असे नाही. कित्येक सुनीते पांडित्याच्या ओझ्याने वाकली आहेत. साध्या परिचारिकेचे चित्र काढण्यास रेम्ब्रांट व स्कॉट यांस पाचारण करण्याचे कारण नव्हते. लिस्टरची हर्क्युलिसशी केलेली तुलना भव्य आहे, पण तीत आपल्यास लिस्टर दिसत नाही, हर्क्युलिसच दिसतो. जेथे कवी दिसले तेवढेच लिहितो तेथे तो मोठा आहे; वाचलेले आठवून लिहितो तेथे तो इतरांसारखाच आहे.

अशी माला असूनही तिचा वाङ्मयावर व्हावा तितका परिणाम झाला नाही, याचे एक नवलपूर्ण प्रमाण आहे. हेन्लीच्या कविता 'कॉर्नहिल'मध्ये घेणारा संपादक लेस्ली स्टीफन होता. १८७५ च्या फेब्रुवारीत रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यास हेन्लीच्या खाटेपाशी प्रथम घेऊन जाणाराही तोच. याच स्टीफनची कन्या व्हर्जिनिया वुल्फ हिने १९२६ साली 'ऑन बीइंग इल' नावाचा निबंध लिहिला. प्रेम, युद्ध, मत्सर यांस वाङ्मयात जे मानाचे स्थान आहे ते आजारपणास कसे मिळाले नाही, अशी तिची त्यात तक्रार आहे. निबंध अप्रतिम आहे, तक्रारही बव्हंशी खरी आहे. परंतु पन्नास वर्षांपूर्वी तिच्याच पित्याने छापलेल्या कवितांत त्या तक्रारीचे उत्तर होते. हा दोष व्हर्जिनियाबाईंचा नव्हे. 'इन्व्हिक्टस'च्या घोषात मालेचा हळू आवाज बुडाला होता.

आपल्या भाषेत रोग्याच्या आत्मकथनांचे वावडे नाही. डॉ. अभय बंग यांचे 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' हे पुस्तक मराठी घराघरांत वाचले गेले, आणि दुखण्यास आत्मपरीक्षणाचे साधन कसे करावे हे त्याने अनेकांस शिकविले. त्याच्या जोडीस आम्हांस हवे आहे ते शेजारच्या खाटेचे वाङ्मय. आणि ते मराठीस परके वाटण्याचे कारण नाही. रोग्याच्या सेवेस आपण 'शुश्रूषा' म्हणतो. या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ 'ऐकण्याची इच्छा' असा आहे. ज्याने हा शब्द सेवेस लाविला त्याने सेवेचे अर्धे शास्त्र सांगून टाकले. रोग्यास औषध देणे, त्याची कूस बदलणे, जखम धुणे हे सारे आवश्यकच. पण त्याचे ऐकून घेण्याची इच्छा नसेल तर ती शुश्रूषा नव्हे, नुसती हमाली होय. आपण समाचारास जातो आणि आपणच बोलत बसतो. अमक्याच्या मामास हेच झाले होते, तो आता कसा धावतो, हे सांगतो. रोगी मान हलवितो. त्याचे सांगावयाचे तसेच राहून जाते.

आज या गोष्टीची निकड वाढली आहे, कमी झालेली नाही. हेन्लीप्रमाणे वीस महिने रुग्णालयात राहणे आता क्वचितच घडते. पडून राहिल्याने स्नायू झिजतात, पाठीस व्रण पडतात, पायांच्या शिरांत रक्त गोठते, हे कळल्यापासून मोठ्या शस्त्रक्रियेनंतरही रोग्यास शक्यतो दुसऱ्याच दिवशी उठवून चालवितात आणि थोड्या दिवसांनी घरी पाठवितात. ही प्रगती निःसंशय इष्ट आहे. परंतु बरे होण्याचा काळ त्यामुळे नाहीसा झालेला नाही. तो घरच्या मागल्या खोलीत आला आहे. आणि त्या खोलीत शेजारची खाट नाही. तेथे मुलांचा शस्त्रक्रियेचा खेळ नाही, वचक असलेली परिचारिका नाही, आपल्याहून अधिक दुखावलेला मजूर नाही. सकाळी घरातली माणसे कामास निघून जातात आणि भिंतीवरील घड्याळ हेन्लीच्या घड्याळाप्रमाणेच चालेनासे होते. वॉर्डाने त्यास जे सोबती दिले ते आता घरच्यांनी दिले पाहिजेत.

मालेच्या शेवटच्या कवितेत रोग्यास बाहेर सोडले आहे. वारा, ऊन, रस्त्यावरील वर्दळ, प्रत्येक वस्तू त्यास नवलाची वाटते. पण तो तेथे विजयी वीरासारखा उभा नाही. त्याला घेरी येत आहे, डोळे भरून येत आहेत, आणि आनंद त्याच्या अंगास पेलत नाही. बरे होणे रुग्णालयाच्या दाराशी पुरे होत नाही, हे हेन्लीस ठाऊक होते. आपल्या घरी असा कोणी परत आला असेल तर त्यास 'आता काय, झालात बरे!' असे म्हणण्याची घाई करू नये. त्याच्या खाटेपाशी थोडे बसावे आणि वीस महिन्यांत त्याने काय पाहिले, ते त्यास विचारावे.